बेलोरा, सोनेगाव, बिरसी

सोमवार

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला विमानानं कुठं जायचं म्हटलं की आधी ठरवावं लागतं, निघायचं कुठून. दारव्हा-दिग्रसकडच्यांना नागपूर पडतं दोनशे किलोमीटरच्या आसपास. पुसद-उमरखेडच्या लोकांना नांदेड जवळ. एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळचं बेलोरा सुरू झालं, ते आम्हाला अंतरानं सगळ्यात सोयीचं. खुद्द यवतमाळला धावपट्टी आहे. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव यांच्यासोबत तीही राज्यानं खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली. तिथून प्रवासी विमान मात्र उडत नाही.

माझ्या बहिणीची मुलगी नर्सिंग शिकली. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची देशभर एकच परीक्षा होते, नॉरसेट. त्यात तिचा नंबर लागला आणि मिळालं ऋषिकेश. शुक्रवारी सकाळी रुजू व्हायचं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून एवढ्या लांब नोकरीला जाणारी ती पहिलीच मुलगी, त्यामुळं घरात तयारी लग्नघरासारखी. तिकीट महिनाभर आधी काढलं होतं: गुरुवारी दुपारी नागपूरहून दिल्ली, तिथून संध्याकाळी डेहराडून. ऋषिकेशला डेहराडूनचं जॉली ग्रँट विमानतळ खुद्द डेहराडून शहरापेक्षाही जवळ पडतं.

सोमवारी सकाळी तिच्या मोबाईलवर कंपनीचा मेसेज आला. दुपारचं विमान रद्द, त्याऐवजी रात्रीचं. म्हणजे दिल्लीत पोचणार मध्यरात्री आणि डेहराडूनला शुक्रवारी दुपारी. रुजू व्हायची वेळ सकाळची.

"मावशी, आता कसं करू वं?" पोरीच्या डोळ्यांत पाणी.

जिजाजी म्हणाले, "पैसे वापस घ्या अन् रेल्वेनं जाऊ द्या तिले." पण आपल्याकडून हरिद्वार-ऋषिकेशकडे थेट जाणाऱ्या गाड्या आठवड्यातून एखाद्या वारीच, आणि थंडीतसुद्धा वेटिंगची यादी लांबलचक. गाडीनं वेळेत पोचायचं तर आजच निघायला हवं होतं, आणि तिची मूळ कागदपत्रं अजून अमरावतीच्या कॉलेजात होती.

शेजारच्या मुलानं मोबाईलवर शोधून एक स्वस्त वाट काढून दिली. बेलोऱ्याहून मुंबई एका कंपनीचं, मुंबईहून डेहराडून दुसऱ्या कंपनीचं. दोन वेगळी तिकिटं. इथं मी त्याला थांबवलं, आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवावं असं मला वाटतं. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणाच्या नंबरवर, दोन्ही विमानं असली, की पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय करून देणं हे कंपनीचं काम. दोन तिकिटं वेगळी काढली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी. पैसे गेले, विमान गेलं. मुंबईत तर आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. एका विमानतळावर उतरायचं आणि दुसऱ्यावरून चढायचं असं तिकीट निघालं, तर मधे अख्खी मुंबई ओलांडायची. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या पोरीला हे झेपणारं नव्हतं.

ठरलं असं, की कागदपत्रांसाठी अमरावतीला जायचंच आहे, तर उद्याच निघू. वाटेत बेलोऱ्याला प्रत्यक्ष विचारू, आणि नागपूरच्या विमानाचं फोनवर भांडू.

मंगळवार

दारव्ह्याहून नेर, नेरहून अमरावतीची गाडी. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं दोघींचा मिळून एकाचाच खर्च. बाजूच्या सीटवर एक बाई तुरीच्या सोंगणीला मजूर मिळत नाहीत म्हणून बोलत होती. नांदगाव खंडेश्वरपर्यंत दोन्ही बाजूंनी कापसाची शेवटची वेचणी चाललेली.

बेलोरा याच रस्त्यावर आहे, बडनेऱ्याच्या अलीकडे. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यानं फाट्यावर गाडी थांबवली. "काकू, आज विमान हाय का?" त्यानंच मला विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. विमानतळासमोरून रोज गाडी नेणाऱ्या माणसाला विमान कधी येतं हे कुणी सांगितलेलं नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी फार लागली.

त्या दिवशी विमान नव्हतं. नवी कोरी इमारत, स्वच्छ काच, बंद दार आणि बाहेर खुर्ची टाकून बसलेला सुरक्षारक्षक. माणूस भला होता. आम्हाला उन्हातून सावलीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, विमानाच्या दिवशी इथं गाड्यांची रांग लागते, अमरावतीचे व्यापारी असतात, मुंबईला शिकणारी पोरं असतात. नेर, दारव्हा, दर्यापूरचीही माणसं येतात. "मंग दोन तासांत सारं सामसूम."

१६ एप्रिल २०२५ ला इथून पहिलं प्रवासी विमान उडालं. अलायन्स एअरचं एटीआर, पंख्याचं, सत्तरच्या आसपास आसनांचं. मुंबई-अमरावती-मुंबई, आठवड्यातून तीन दिवस. धावपट्टी १८५० मीटरची. अमरावतीकरांनी या विमानासाठी किती वर्षं वाट पाहिली हे आमच्या पिढीला माहीत आहे. भूमिपूजनं झाली, कामं थांबली, पुन्हा सुरू झाली. म्हणून ते सुरू झालं याचं मला खरंच समाधान आहे. पण आठवड्यातून तीन दिवस म्हणजे उरलेल्या चार दिवशी ज्याचं काम निघालं त्याला ते नाही. मुलाखत, ऑपरेशन, मयत, रुजू होण्याची तारीख, यातलं काहीच विमानाचा वार बघून येत नाही.

असं विमान चालतं कशावर, हे मी गेल्या काही दिवसांत मिळेल तिथून वाचून काढलं. उडान योजना २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला निघालं, आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमानालाही झेंडा दाखवला गेला. साधारण तासाभराच्या उड्डाणाला २५०० रुपये भाडं, तेही ठरावीक जागांपुरतं. बाकीचा तोटा सरकार भरून देतं. त्यातला मोठा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. केंद्राच्या वाट्याचे पैसे मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकार लावून गोळा होतात. राज्यानं विमानाच्या इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा. आणि हा सगळा आधार तीन वर्षांचा. तीन वर्षांत प्रवासी जमले तर विमान टिकेल, असा हिशेब.

हिशेब किती ठिकाणी बसला? महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ साली संसदेत आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि आधार संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले फक्त ५४. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत, कारण दर वेळी नव्या मार्गाची घोषणा होते तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असते, आणि पुढं त्या मार्गाचं काय झालं हे विचारायला आपल्यातलं कुणी जात नाही.

बेलोऱ्याची वाट आमच्यापुरती बंद होती. वार जुळत नव्हता.

अमरावतीत कॉलेजातून कागद मिळाले आणि संध्याकाळ सगळी फोनवर गेली. कंपनीच्या नंबरावर आधी गाणं, मग इंग्रजी, मग हिंदी, मग पुन्हा गाणं. पोरगी दोनदा फोन ठेवायला निघाली, मी ठेवू दिला नाही. नियम माझ्यासमोर होता: उड्डाण कंपनीनं रद्द केलं तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांतलं एक मिळालंच पाहिजे. चोवीस तास आधीही कळवलं नाही तर वरून भरपाई, उड्डाण तासाभराचं असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून मोठं असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार, यांतलं जे कमी ते. आम्हाला तीन दिवस आधी कळवलं होतं, त्यामुळं भरपाईचा प्रश्न नव्हता. पण वेळ बदलून मागायचा हक्क होता. शेवटी एका मुलीनं नीट ऐकून घेतलं. गुरुवारी पहाटेच्या विमानावर जागा दिली, पुढचं डेहराडूनही त्याच पीएनआरवर, जादा पैसे न घेता. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. तिनं आमचं काम केलं.

बुधवार

अमरावती-नागपूर, तिवसा, तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी. रस्त्याच्या कडेनं संत्र्याचे ढीग.

पहाटेचं विमान मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. पहाटे सहाचं विमान गाठायला चारच्या सुमारास विमानतळावर हवं, आणि यवतमाळकडून रात्रीची कुठलीही एसटी त्या वेळेला भरवशानं सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, सोडत नाही. म्हणजे आदल्या रात्री नागपुरात मुक्काम. आमचे दीर खामल्यात राहतात म्हणून निभावलं. ज्याचं नागपुरात कुणी नाही त्यानं हॉटेलचे हजार-दीड हजार तिकिटात धरायचे. शहरातला माणूस विमानाचं भाडं बघतो. खेड्यातल्याला त्यात एसटी, मुक्काम, रिक्षा आणि बुडालेली मजुरी मिळवावी लागते, आणि दुपारचं विमान काढून पहाटेचं दिलं की हा खर्च आपोआप वाढतो. वेळ बदलली हे कंपनीच्या कागदावर किरकोळ असेल. दारव्ह्याच्या माणसाला तो जवळपास मार्ग बंद झाल्याइतकाच फटका आहे.

रात्री जेवताना दिरांनी विषय काढला. ते डाक खात्यातून निवृत्त झाले. म्हणाले, "वहिनी, देशातली विमानं एकमेकांले भेटाची जागा म्हंजे आपलं नागपूरच होतं नं."

ही गोष्ट खरी आहे आणि आपल्याकडच्या पोरांना शाळेत सांगायला हवी. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला उतरायची. डाकोटा विमानं. धावपट्टीच्या बाजूला टपालाच्या थैल्या इकडून तिकडं व्हायच्या, माणसंही एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायची, आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मद्रासचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत. ही सेवा पुढं बरीच वर्षं चालली. म्हणजे ज्याला आज कनेक्टिंग फ्लाइट म्हणतात ती पद्धत या देशात रोजच्या रोज, घड्याळ लावून चालली ती आपल्या नागपुरात. कारण साधं होतं, चारही टोकांना मधलं हेच. दिरांच्या वडिलांच्या वेळचे डाकेतले लोक म्हणे विमानांच्या आवाजावरून सांगायचे, कलकत्त्याचं आलं, मद्रासचं अजून यायचं आहे.

आणि आज नागपूरहून डेहराडूनला जायचं तर दिल्ली, आणि यवतमाळहून कुठंही जायचं तर आधी नागपूर. मधलं शहर असून आपण टोकाचे झालो.

रात्री बॅगेचं वजन केलं. सोबत १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात. बहिणीनं प्रेमानं भरलेलं सगळं बाहेर काढून पुन्हा लावावं लागलं. हातातल्या पिशवीत तिखटाची पुडी चालत नाही, ती मोठ्या बॅगेत टाकली. लोणच्याची बरणीही तिकडंच, दोन पिशव्यांत गुंडाळून. सुकं खोबरं मात्र कुठंच चालत नाही, तेलकट असतं, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात मनाई आहे. अख्ख्या दोन वाट्या निघाल्या. दिरांच्या घरी ठेवल्या.

गुरुवार

सोनेगावला पहाटे थंडी चांगलीच होती पण आकाश मोकळं. धुकं होतं ते दिल्लीत. जानेवारीत दिल्लीचं धुकं हे पावसाळ्यातल्या पुरासारखं, येणार हे ठाऊक असतं, कुठल्या दिवशी ते ठाऊक नसतं. फलकावर आधी अर्धा तास उशीर, मग तास, मग अडीच तास. दोन तासांच्या वर उशीर झाला की या अंतराच्या उड्डाणाला कंपनीनं खाणं-पाणी द्यायचं असतं. मी आत जाऊ शकत नव्हते, काचेबाहेरूनच पोरीला फोन करून सांगितलं की काउंटरवर जाऊन माग. तिनं मागितलं, मिळालं. रांगेतल्या बाकीच्यांनी मग तिच्यामागून मागितलं.

दारासमोर चंद्रपूरकडचे एक गृहस्थ भेटले. मुलाला सोडायला आलेले. मुलाचं दिल्लीपर्यंतचं तिकीट एका कंपनीचं, पुढचं चंदीगडचं दुसऱ्याचं. सोमवारी शेजारच्या पोरानं आम्हाला सुचवलेलीच वाट. अडीच तासांच्या उशिरानं त्यांचं दुसरं विमान हातचं गेलं. ते सारखे म्हणत होते, "धुकं कंपनीनं थोडी पाडलं, पर माझ्या पोरानं तरी पाडलं का?" त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडं नव्हतं. चंद्रपूरला राजुऱ्याकडे विमानतळ होणार म्हणून ते किती वर्षं ऐकत आहेत. तिथं वनजमीन आहे, वाघांचा येण्याजाण्याचा पट्टा आहे, आणि परवानगीत अडकलेलं आहे. वाघाची वाट मोडून विमान यावं असं मी म्हणणार नाही. पण मग चंद्रपूरच्या माणसाला नागपूरपर्यंत नेणारी, विमानांच्या वेळा धरून चालणारी गाडी तरी द्या.

आमच्या पोरीची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर होती. दिल्लीत डेहराडूनचं सकाळचं विमान चुकलं, कंपनीनं दुपारच्या विमानात बसवलं. चार वाजता फोन आला. मागं कुणीतरी हिंदीत टॅक्सीवाल्याशी बोलत होतं.

"मावशी, उतरली. पहाड दिसते वं इथून."

त्या पोरीनं टेकडीपेक्षा मोठं काही पाहिलं नव्हतं आजवर.

दुपारी मी विमानतळाच्या बाहेरच्या बाकावर बसून कंपन्यांची बाजू काय असते तेही समजून घेतलं. सोबत एक तरुण होता, विमानतळावर सामान चढवण्याच्या कामात. त्यानं सोपं करून सांगितलं. विमानं मोजकी. त्यातली काही इंजिनाच्या भागांसाठी उभी. इंधन महाग. मुंबईत उतरायला वेळेची खिडकी मिळत नाही, मिळते ती अवेळी. अशा वेळी ज्या मार्गावर भाडं जास्त निघतं तिकडं विमान वळवतात, आणि कात्री लागते ती लहान गावाच्या उड्डाणाला. आपल्या खरीप-रब्बीसारखे विमानांचेही दोन हंगाम असतात, हे मला त्याच्याकडून कळलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळापत्रक लागतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. मार्ग बहुतेक या सांध्यावरच गळतात. तेव्हा लांबचं तिकीट काढायचं असेल तर हा सांधा ओलांडून पुढची तारीख असली की जरा थांबून, नवं वेळापत्रक बघून काढावं.

शुक्रवार

सकाळी विदर्भ एक्सप्रेस. गोंदियाला नणंदेकडे जायचं होतं, तिच्या मुलीचं साक्षगंध. कामठी, भंडारा रोड, तुमसर, मग वैनगंगेचा पूल आणि तिरोडा. कापसाचा मुलूख संपून धानाचा लागतो, बांध्यांत खुंटं उभी असतात. ही गाडी मुंबईहून गोंदियापर्यंत रोज येते, रोज जाते. तिला दोन तास उशीर झाला तरी लोक तिच्यावर विसंबून लग्नाच्या तारखा काढतात, कारण ती उद्याही असणार हे त्यांना माहीत आहे.

तिरोड्याजवळ मेसेज आला. रुजू झाली.

शनिवार

साक्षगंधाची गडबड दुपारपर्यंत आटोपली. नणंदेचे यजमान म्हणाले, चला, बिरसी दाखवतो. गोंदियाहून मोटरसायकलनं फार लांब नाही.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता ती साधारण २३०० मीटरची आहे, बेलोऱ्यापेक्षा चांगलीच लांब, एअरबससारखं मोठं विमान उतरेल अशी. इथं वैमानिक तयार करणारी संस्था आहे. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या सरकारी संस्थेची पोरंही हिवाळ्यात तिकडं धुकं असतं म्हणून इथं उडायला येतात. त्यामुळं छोटी विमानं दिवसभर डोक्यावर. एक तर इतकं खाली आलं की चाकं मोजता आली. उतरलं, न थांबता पुन्हा वर गेलं, वळसा घेतला आणि परत उतरायला आलं. कुंपणाला लागून एक म्हातारा गुरं चारत होता, त्यानं मानही वर केली नाही.

"रोज विमान पायतो आमी," यजमान म्हणाले, "बसाले भेटलं ते थोडेच दिवस."

१३ मार्च २०२२ ला इथून प्रवासी विमान सुरू झालं होतं, फ्लाय बिगचं, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. तेव्हा नणंदेच्या गावातून माणसं फक्त बघायला म्हणून बिरसीला आली होती. काही महिन्यांतच ते बंद झालं. मग १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोनं हैदराबादमार्गे तिरुपती सुरू केलं. बालाजीला जाणारे गोंदिया-बालाघाटचे लोक केवढे आनंदले होते. मधला सव्वा वर्षाहून जास्त काळ धावपट्टी होती, इमारत होती, अग्निशमनाची गाडी होती, प्रवासीही होते. विमान नव्हतं. विमानतळाच्या वाढीव कामासाठी ज्यांची घरं-जमिनी गेल्या त्या बिरसीच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं चालला. त्यांच्यासमोर उभं राहून मार्ग परवडत नाही म्हणून बंद केला असं कुणी सांगून बघावं.

आपल्या भागात प्रवासी नाहीत हे मला पटत नाही. हैदराबादला, पुण्याला, बंगळुरूला विदर्भाच्या खेड्यापाड्यातली किती पोरं आहेत ते दिवाळीच्या आधी कुठल्याही रेल्वे स्टेशनवर जाऊन बघा. प्रवासी आहेत, पण ते अमुक दिवशी विमान नक्की आहे असं समजल्याशिवाय विमानाच्या भरवशावर बसत नाहीत. एकदा रद्द झालं की तो माणूस पुन्हा वळत नाही, त्याच्या सांगण्यावरून शेजारचे चार जण वळत नाहीत, आणि मग जागा रिकाम्या राहिल्या म्हणून मार्ग बंद. सवय लागायला वर्ष-दोन वर्षं जातात. तेवढं थांबायची तयारी नसलेल्या कंपनीला मार्ग देऊच नये, आणि दिला तर मधेच सोडून जाताना तिच्यावर जबर दंड असावा. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं उडानची पुढची आवृत्ती जाहीर केली, दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि चार कोटी प्रवासी. ठिकाणांची संख्या थोडी कमी केली तरी चालेल, जिथं जाल तिथं टिका.

रविवार

महाराष्ट्र एक्सप्रेसनं परत. डब्यात अकोल्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांना विषय दिला आणि बडनेऱ्यापर्यंत ते शिवणीबद्दलच बोलत राहिले. अकोल्याची शिवणीची धावपट्टी १४०० मीटरची. लांब करायची तर शेजारी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन. त्या जमिनीच्या कागदात वर्षं गेली. पश्चिम विदर्भाचं एवढं मोठं व्यापारी शहर, आणि तिथून प्रवासी विमान नाही. ते म्हणाले, अकोला आणि अमरावती यांनी एकमेकांशी भांडण्यापेक्षा बेलोऱ्याचं विमान रोज कसं होईल ते मिळून बघावं. मला ते पटलं. दोन जिल्ह्यांचे, आणि आमच्या यवतमाळ-वाशिमचे प्रवासी एकत्र धरले तर रोजचं विमान भरायला हरकत नाही, पण त्यासाठी त्या माणसांना बेलोऱ्यापर्यंत आणणारी गाडी हवी. आणि मुंबईहून पुढचं विमान त्याच तिकिटावर मिळायला हवं, नाहीतर बेलोरा फक्त मुंबईलाच जाणाऱ्यांचं राहील.

बडनेऱ्याला उतरून नेरची एसटी धरली. बेलोऱ्याच्या फाट्यावर गाडी थांबली नाही, कुणी उतरणारं नव्हतं. मी कंडक्टरजवळ जाऊन बसले आणि विमानाचं विचारलं. दुसरा कंडक्टर, उत्तर तेच. पण यानं एक कामाची गोष्ट सांगितली: मागणीचा लेखी अर्ज आला तर आगार थांबा वाढवायचा विचार करतं, तोंडी सांगून काही होत नाही.

घरी आल्यावर रात्री अर्ज लिहिला. यवतमाळ आणि दारव्ह्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांना बेलोरा विमानतळाचा अधिकृत थांबा द्यावा. विमानाच्या दिवशी दारव्हा-नेर-बेलोरा अशी एक गाडी उड्डाणाच्या दोन तास आधी पोचेल अशी सोडावी आणि विमान उतरल्यावर तासाभरानं परत आणावी. विमानाचे वार आणि वेळ तालुक्याच्या प्रत्येक बसस्थानकावर मराठीत लावावी, आणि ऑक्टोबर-मार्चला बदलली की फलकही बदलावा. यवतमाळहून नागपूरला पहाटे चारच्या आत विमानतळ चौकात सोडणारी एक रात्रीची गाडी असावी. जिजाजींनी सही केली, बहिणीनं केली, शेजारच्या त्या पोरानं केली. महिला बचत गटाच्या बैठकीत आणखी सह्या घेणार आहे. एक प्रत आगारात, एक तहसीलदारांकडे, एक आमदारांकडे. आपल्या तालुक्यात कुणाला असाच अर्ज द्यायचा असेल तर मजकूर हाच घ्या, फक्त गावांची नावं बदला.